डुकराला हात कोण लावणार

“तोंडाले रुमाल काऊन लावता मॅडम? रुमालानं वास थांबते का?” असं म्हणत बनाबाईनं मेलेलं पिल्लू मागच्या पायांना धरून उचललं आणि फाटकाच्या फळीवर ठेवलं. “हे पाहा. काल माह्या पायात येत होतं.”

डॉक्टर पुष्पांजली फाटकाच्या अलीकडे एका कोरड्या दगडावर दोन्ही पाय जुळवून उभ्या होत्या. सरकारनं त्यांना जनावरांची डॉक्टर केलं होतं. पण जनावर म्हणजे त्यांच्या लेखी गाय, म्हैस, आणि फार झालं तर एखाद्या पुढाऱ्याचं कुत्रं. डुकरांच्या वाड्यावर त्या पहिल्यांदाच येत होत्या, तेही बनाबाई सकाळपासून दवाखान्याच्या पायरीवर ठाण मांडून बसली म्हणून.

“कधीपासून आहे हे?”

“परवापासून. पयले ओकले. फाटलेलं दूध जसंच्या तसं ओकले. मंग मांगून पिवयं पाणी. लंगडीचे सगये गेले. मोठीचे दोन हायेत, ते संध्याकायपावतर जातीन.”

“आणि आया?”

“त्याईले दोन दिवस हगवण लागली, खाणं सोडलं, मंग उठल्या. आता पाहा ना, सड तटतटून आले हायेत अन् प्यायले कोणी नाई.”

मॅडम आत आल्या नाहीत. तपासायला लागणारं घाणेरडं पाणी बाटलीत भरायचं काम त्यांनी बनाबाईलाच सांगितलं, आणि बाटली पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घालून घेतली. मग त्यांनी विचारलं, “बाहेरची गाडी आली होती का इथं? दुसऱ्या एखाद्या डुकरांच्या फार्मवरून?”

“गजूभाऊची ट्रॉली आलती ना. खत न्यायले.”

आता हे खत काय, ते नीट सांगायला हवं, कारण गाव ते कधीच नीट सांगणार नाही. या भागात रानडुकरांनी रब्बीचा मका उभ्या उभ्या लोळवला की शेतकरी रडकुंडीला येतात. कुणी फटाके लावतं, कुणी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, जुन्या साड्या बांधतं. आणि मग कधी तरी कळतं, की पाळीव डुकराचा गू धुऱ्यानं टाकला तर रानडुक्कर परक्या कळपाच्या वासानं आत शिरत नाही. तेव्हापासून अख्ख्या गावाला बनाबाईच्या डुकरांचा गू पाहिजे. त्याला खत म्हणायचं, म्हणजे म्हणणाऱ्याच्या तोंडाला वास येत नाही. भरायचा बनाबाईनं. ट्रॅक्टरवाला वर बसून राहणार, भरलं की निघून जाणार. धुऱ्यावर टाकायला वस्तीतलाच कोणी तरी मजूर. एरवी बनाबाई समोरून आली की पदर सावरून कडेला होणाऱ्या बायांच्या मक्याची राखण दर वर्षी तिची डुकरं करत होती, आणि त्या बाया त्याच मक्याची कणसं भाजून पाहुण्यांना घालत होत्या.

गजेंद्रचा, म्हणजे या गजूभाऊचा, मका सगळ्यांत मोठा. त्याची बायको गावची सरपंच, म्हणजे सरपंच तोच. यंदा त्याला बनाबाईकडचं पुरलं नाही म्हणून त्यानं खामगावच्या पलीकडच्या एका मोठ्या फार्मवरून दोन खेपा आणल्या आणि तीच ट्रॉली, न धुता, तिसऱ्या खेपेला बनाबाईच्या दारात लावली.

“त्या फार्मवर रोग आहे,” मॅडम रुमालातून म्हणाल्या. “मी ऐकलंय. चाकांनी, बुटांनी येतो हा. पण हे आपण...” त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं. अशी अर्धी वाक्यं सोडायचं शिक्षण त्यांना नोकरीनं दिलं होतं.

“तिसरी हाय ना, गोरी,” बनाबाई म्हणाली. “गाभण. संक्रांतीच्या मांगून व्यायची. तिचे तरी वाचतीन का?”

मॅडमनी रस्त्याकडे पाहिलं. रस्त्यावर कुणी नव्हतं.

“एक उपाय आहे. पण मी सांगितला म्हणून कुठे बोलायचं नाही. मेलेल्या पिल्लांची आतडी बारीक करा आणि गोरीच्या खाण्यात मिसळा. आत्ताच, व्यायच्या आधी. ती थोडी आजारी पडेल, उठेल. मग तिच्या चिकातून, दुधातून पिल्लांना ताकद जाईल. मोठ्या फार्मवर करतात असं.”

“तिच्या बहिणीचे लेकरं तिले चारू?”

“नाही चारले तर तिचेही जातील.”

बनाबाईनं फळीवरचं पिल्लू उचलून खाली घेतलं. मॅडम दगडावरून उतरल्या, स्कूटीला टेकून बुटांचे तळवे गवतावर घासले आणि गेल्या.

बनाबाईचा नवरा इंद्रभान खामगावला जिनिंगमध्ये हमाल होता. तिथं कुणाकडून ऐकून त्यानं वराहपालनाचं प्रशिक्षण घेतलं आणि पांढऱ्या विलायती जातीच्या दोन माद्या घेऊन गावात आला. गाव हसलं. वस्ती हसली नाही, चिडली. “बापजाद्यानं मेलेलं ओढणं सोडलं, अन् तू डुकरं घेऊन आला बे?” इंद्रभान म्हणे, “ते मारून मुटकून होतं. हे माह्या मर्जीनं हाय.” हा फरक शिकलेल्यांच्याही डोक्यात शिरला नाही. गावानं हिणवलं ते जातीनं, वस्तीनं हिणवलं ते लाजेनं, आणि मधे इंद्रभान डुकरं पाळत राहिला. तो गेल्यावर बनाबाईनं पाळली. कुणी विचारलं तर म्हणायची, “गाय चोरतात, बकरी चोरतात. माह्या डुकराले चोरायले आजपर्यंत एक मर्द आला नाई.”

मुलगा प्रसेनजित पुण्यात कंपनीत. सासरच्यांना त्यानं सांगून ठेवलं होतं, की आईच्या म्हशी आहेत. फोनवर सारखं म्हणायचा, “आई, विकून टाक अन् ये इकडं.” इकडं येणं म्हणजे काय ते बनाबाईला ठाऊक होतं. पाहुणे आले की न पाळलेल्या म्हशींच्या गोष्टी सांगत बसायचं. गोरीची पिल्लं गेली की वाड्यात विकायला एकही पिल्लू उरत नव्हतं, आणि वाडा उठला की उरलेलं आयुष्य पुण्यात म्हशीवाली म्हणून काढायचं होतं.

तिनं घरातली जुनी विळी आणली. वाड्याच्या मागे पोत्यावर बसून पिल्लं फाडली, आतडी चिरली. काम करताना तिनं तोंडाला काही बांधलं नाही. कोंड्यात कालवून घमेलं गोरीपुढं सरकवलं.

“खा माय. माह्याकडं नको पाहू.”

गोरी तिच्याकडे पाहत नव्हतीच. ती खात होती. पाहणारी दुसरीच होती. शेजारच्या शेतात गजेंद्रची चुलती झुंबरबाई हरभऱ्याची भाजी खुडत होती. ती पदराच्या ओट्यात भाजी धरून कुंपणाजवळ आली, नीट पोटभर पाहिलं, आणि मग भाजी तिथंच सांडून पळाली.

अंधार पडायच्या आत गावात झालं: बनाबाई गाभण डुकरीणीले पिल्लाचं काळीज चारते. आतड्याचं काळीज व्हायला पारावरून देवळापर्यंतचं अंतर पुरलं. करणी आहे हे ठरायला तेवढंही लागलं नाही. आता करणी कुणावर? प्रत्येकाला वाटलं आपल्यावरच. ज्याला बायकोसुद्धा विचारत नाही तोही म्हणाला, “माह्यावर डोया हाय तिचा.” एवढं महत्त्व स्वतःला द्यायची या गावाला सवयच आहे.

पुढं गोरीला हगवण लागली. ती दोन दिवस पडून राहिली आणि तिसऱ्या दिवशी उठून तिनं घमेलं चाटलं. बनाबाई तिच्या पाठीवर थाप मारून एकटीच हसली. त्याच दिवशी मॅडमचा फोन आला.

“आलं कळून. डुकरांच्या आतड्याचा कोरोना आहे. घाबरू नका, माणसाला होत नाही हा. वेगळाच असतो.”

“मले नाई होत तं नाई. गोरीले होऊन गेला ना?”

“हो. चांगलं झालं.”

हे बोलणं मॅडमनी दवाखान्यात बसून केलं, आणि टेबलाच्या पलीकडे शिपाई हरिओम लसीचे खोके लावत होता. हरिओमनं सगळं ऐकलं आणि त्यातला एकच शब्द गावात नेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव वाड्यावर आलं. पेट्यांच्या तळातून जुने मास्क निघाले होते. कुणाचे पिवळे पडलेले, कुणाची एक दोरी तुटलेली, आणि बहुतेकांचे हनुवटीवर, कारण खर्रा थुंकायचा तर तोंड मोकळं पाहिजे. एकानं कपाशीवर मारायचा फवारणीपंप पाठीला लावून त्यात फिनाईल भरलं होतं आणि तो बनाबाईच्या घराच्या भिंतीवर, चुलीवर, वाळत घातलेल्या लुगड्यावर फवारत होता. मागून खडखडत जेसीबी आला. गजेंद्र पांढऱ्या शर्टात सगळ्यांच्या पुढं उभा होता. आपल्या गाडीनं त्यानं मॅडमनाही आणलं होतं.

“ए बनाबाई, बाहीर ये.”

“बाहीरच हावो मी. डोये तपासून घे गजूभाऊ.”

“जास्त बोलू नको. तुह्या डुकराईले कोरोना हाय. गावात मानसं मरतीन तं कोण जबाबदार?”

झुंबरबाई पुढं झाली. “मी माह्या या डोयानं पाह्यलं. आतडे कापून कोंड्यात कालवले हिनं. काल मले पाहून हसली, माय!”

“मी गोरीले हसली. तुमाले पाहून हसावं असं काय हाय तुमच्यात?” बनाबाई म्हणाली. “अन् हे मले मॅडमनं सांगतलं. इचारा. समोरच हायेत.”

सगळे मॅडमकडे वळले. मॅडमनी रुमाल नीट केला. वाक्य एवढंसं होतं. माणसाला होत नाही, आणि मीच सांगितलं होतं. दहावी नापास पोरालाही पाठ झालं असतं.

“मी... तसं काही सांगितलेलं नाही,” मॅडम म्हणाल्या. “प्रतिकारशक्ती वाढवा, असं म्हटलं होतं. यांचा समजण्यात घोळ झाला असेल.”

“मानसाले होते का नाई ते तं सांगा,” मागून कुणी तरी ओरडलं.

“त्याबद्दल वरिष्ठांशी बोलावं लागेल.”

बनाबाईनं मॅडमकडे पाहिलं. रागानं नाही. बाजारात एखादी वस्तू उलटून पाहावी आणि परत ठेवून द्यावी, तसं.

“ऐकलं?” गजेंद्र म्हणाला. “घे रे, खड्डा घे. तिन्ही जित्त्या गाडा. वरून चुना टाका.”

जेसीबीनं खड्डा घेतला. यंत्राला लाज नसते, आणि त्याच्या मालकाला भाडं मिळत होतं. खड्डा झाला, मातीचा ढीग झाला, आणि मग सगळे थांबले. डुकरं वाड्यात होती. खड्डा बाहेर होता. डुकरांना वाड्यातून खड्ड्यापर्यंत कोण आणणार, हा विचार एवढ्या मोठ्या गावात एकालाही सुचला नव्हता.

“जा बे, काढा बाहीर,” गजेंद्र म्हणाला.

कुणी हललं नाही.

“अबे जा ना!”

“गजूभाऊ, मले मायेची मालिश करा लागते,” एक म्हणाला.

“माह्या गयात माळ हाय,” दुसरा.

“मी आताच आंघोय करून आलो,” तिसरा म्हणाला, आणि हे मात्र त्याच्या बाबतीत सहसा घडत नसे.

गजेंद्र जेसीबीवाल्याकडे वळला. “तू बकेटीत घे अन् टाक.”

“नाई जमत भाऊ,” जेसीबीवाला वरूनच म्हणाला. “मी माती उचलतो. उद्या याच बकेटीनं देवयाचा पाया खंदाचा हाय. डुक्कर घेतलं तं मंडयवाले मले गाडतीन.”

मग सगळ्यांची नजर फिरत फिरत बनाबाईवर आली. गावाला अडलं की ती अशीच फिरत येते.

“बनाबाई, तूच आण त्याईले,” गजेंद्रचा आवाज जरा उतरला होता. “तुह्या आवाजावर येतात त्या. एवढं करून दे.”

बनाबाई फाटकासमोर मातीत मांडी घालून बसली.

“मी नाई आणत.”

“आण म्हणतो ना!”

“तू आण. हात लाव. कान धरला की चालते. चावत नाई ते, मानूस थोडीच हाय. लाव ना हात, सरपंचीनबाईच्या मालका. एवढे मर्द आले तुमी मास्क लावून, एकाच्यानं डुकराले हात लावणं होत नाई?”

फवारणीपंपवाल्याला चेव आला. त्यानं कुंपणावरून बांबू घालून मोठीला ढोसली. मोठी नुकतीच चिखलातून उठली होती. ती वळली, हुंकारली आणि अंग झाडलं. काळा चिखल फाटकावरून उडाला आणि गजेंद्रच्या पांढऱ्या शर्टावर, गालावर, उघड्या तोंडावर बसला. गर्दी एकदम मागं फुटली. त्यात झुंबरबाई एकाच्या पायावर पडली आणि त्यानं तिला आईवरून शिवी दिली, ती पुतण्यासमोर.

“थू! थू!” गजेंद्र थुंकत होता. “कोरोना गेला माह्या तोंडात! मॅडम, काय करू आता?”

“काही होत नाही. माणसाला होत नाही हा,” मॅडम पटकन म्हणाल्या.

म्हणजे गजेंद्रच्या तोंडात गेल्यावर वरिष्ठांची गरज लागली नाही.

बनाबाई बसल्या जागेवरूनच बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “आता माहं ऐका. हा रोग कोठून आला? याच्याच ट्रॉलीनं. खामगावच्या तिकडून बिमार डुकराचा गू भरून आणला यानं, अन् तशीच घाण ट्रॉली माह्या दारात लावली. अन् तो गू कोठी हाय आता? याच्या मक्यात हाय. तुह्या मक्यात हाय. मॅडम म्हणतात मानसाले होत नाई, मले पटते ते. तुमाले पटत नसन तं पयले मका जाया. तुमचा मका जयाला की मी माह्या हातानं तिघीले खड्ड्यात उतरवते.”

मका दाण्यात आला होता.

“मंग... मक्याचं कसं करा लागते?” मागून एकानं हळूच विचारलं.

“गप बे!” गजेंद्र शर्टाच्या बाहीनं तोंड पुसत म्हणाला. “कोणी काई बोलू नका. बाजारात कयलं तं व्यापारी पाहणार नाई मक्याकडं. मॅडमनं सांगतलं ना आता, मानसाले होत नाई. झालं तं मंग. चला.”

गाव आलं होतं तसं गेलं. मास्क खिशात गेले. सायन्स पटायला पंधरा वर्षांची शाळा लागत नाही. उभा मका लागतो.

मॅडम मागं राहिल्या. स्वतःहून फाटकापर्यंत आल्या, चिखलात पाय गेला तरी.

“बनाबाई, तुम्ही समजून घ्या. मला इथं नोकरी करायची आहे. हा माणूस वरपर्यंत जातो.”

“समजलं ना मॅडम. त्याईनं डुकराले हात नाई लावला, तुमी खऱ्याले नाई लावला. त्याईले आंघोय तरी करता येते.”

मॅडम उभ्या राहिल्या. आणखी काही तरी ऐकू येईल असं त्यांना वाटलं असावं. बनाबाई उठून वाड्यात गेली.

गावानं मग जे हातानं केलं नाही ते तोंडानं केलं. अमडापूरच्या ज्या दोन हॉटेलांतून खरकटं यायचं त्यांनी द्यायचं बंद केलं. दुकानदार पिशवी हातात न देता ओट्यावर ठेवू लागला. वस्तीतल्या काही बाया आल्या, बसल्या, चहा प्यायल्या, आणि उठताना म्हणाल्या, “सोडून दे ना माय आता. आपल्यालेबी नावं ठेवून राह्यले लोक.” तिघींच्या पोटाला घालणं जमेना तेव्हा बनाबाईनं मोठी आणि लंगडी खामगावच्या व्यापाऱ्याला देऊन टाकल्या. त्याच्या माणसांनी खूप ओढल्या. त्या गाडीत चढेनात. शेवटी बनाबाई फळीवरून स्वतः गाडीत चढली, “या माय, या” म्हणाली, आणि त्या मागोमाग चढल्या. मग ती बाजूच्या फटीतून खाली उतरली. गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत दोघी तिला आतूनच शोधत राहिल्या असतील. तिनं पाहिलं नाही. ती घमेली धूत होती.

प्रसेनजितला तिनं दोघी विकल्याचं सांगितलं. तो म्हणाला, “बरं झालं. तिसरी कधी?” तिनं फोन ठेवला.

संक्रांत झाली, आणि पुढच्या आठवड्यात गोरी भर दुपारी व्याली. बनाबाईनं पिल्लं पुसून एकेक सडाला लावली. पहिला दिवस गेला. दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी, आधीच्या पिल्लांना ज्या दिवशी ओकारी सुरू झाली होती त्या दिवशी, ती सकाळपासून वाड्यातून हलली नाही. भाकरीही तिथंच खाल्ली. मॅडमचा फोन दोनदा वाजला. तिनं वाजू दिला.

ऊन आत आलं तेव्हा ती पेंढ्यावर बसली आणि एकेक पिल्लू उचलून शेपटीखाली अंगठा लावून पाहू लागली. कोरडं. खाली ठेवलं. कोरडं. कोरडं. गोरी आडवी पडून डोळे मिटून घोरत होती. सगळ्यांत बारकं होतं ते शेवटी हातात आलं, आणि अंगठ्याला पिवळं ओलं लागलं.

बनाबाईनं अंगठा नाकाशी नेला. मग पदराच्या टोकानं ते पिल्लू पुसलं, दांडग्या दोघांना बाजूला सारलं, पुढचा भरलेला सड त्याच्या तोंडात दिला, आणि तो सुटू नये म्हणून त्याच्या मानेखाली तळहात धरून बसून राहिली. रस्त्यावरून कुणी तरी गेलं. तिनं मान वर केली नाही.